सिरम वाळेपर्यंत थांबा

अभ्यास टाळायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत ना, त्यात स्किनकेअर सगळ्यात इज्जतदार आहे असं माझं ठाम मत झालंय. मोबाईल घेऊन बसलं की आई ओरडते, दुपारी आडवं झालं की बाबा बोलतात, मैत्रिणीचा फोन आला की आजी आतल्या खोलीतून विचारते कोण आहे गं एवढं काय बोलून राहिली, पण बेसिनसमोर उभं राहून तोंड धुणाऱ्या पोरीला घरात कोणीच काही म्हणत नाही. तोंडच तर धुऊन राहिली बिचारी. आणि मग ते तोंड ओलं असतानाच एक काहीतरी लावायचं, ते मुरायला दोन मिनिटं, त्याच्यावर दुसरं, ते वाळायला पाच मिनिटं, मग तिसरं, आणि या मधल्या वेळात पुस्तकाला हात लावता येत नाही कारण हात चिकट असतात ना. असा पाऊण तास आरामात जातो, आणि वरून आपण काहीतरी शिस्तीचं केलं असं वाटतं ते वेगळंच.

मी बीएस्सीच्या शेवटच्या सेमला आहे, समर एक्झाम डोक्यावर आहे आणि प्रॅक्टिकल रेकॉर्ड अर्धा कोरा आहे. आमच्या युनिव्हर्सिटीत परीक्षांना विंटर आणि समर असंच म्हणतात, दुसरीकडे मे-जून वगैरे म्हणत असतील, आमच्याकडे समर. नागपुरात राहून ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने ते धमकी म्हणूनच ठेवलं असणार. परवा मैत्रिणीचा मेसेज, बे रेकॉर्ड झाला का तुझा, उद्या सही घ्यायची आहे. मी म्हटलं हाव, तोंड धुऊन बसतेच आता. तिने फक्त एक हसायचा इमोजी टाकला. तिला माहितीये माझं तोंड धुणं म्हणजे काय असतं.

पण एक गोष्ट मात्र मी मान्य करायला लावणारच, की टाळाटाळीतून मला जेवढी केमिस्ट्री आली तेवढी क्लासमधून आली नाही. नियासिनामाइड घ्या. प्रत्येक दुसऱ्या बाटलीवर १० टक्के नियासिनामाइड असं मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पोट्ट्या नावाने मागतात दुकानात. ते म्हणजे व्हिटॅमिन बी३ चाच एक प्रकार, आणि स्ट्रक्चर काढलं तर पिरिडीनची रिंग आणि तिसऱ्या कार्बनवर अमाइडचा ग्रुप, बस. हेटेरोसायक्लिकचं युनिट जे मी सेमभर पुढे ढकललं, त्यातलं पिरिडीन मला एका सिरमच्या बाटलीने शिकवलं. सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश घ्या, तर ते विलोच्या झाडाच्या सालीपासून नाव पडलेलं, त्या झाडाला लॅटिनमध्ये सॅलिक्स म्हणतात, आणि कारखान्यात बनवायची पद्धत म्हणजे आपली कोल्बे रिअॅक्शन, फिनॉल, सोडियम, कार्बन डायऑक्साइड, प्रेशर, आली ना आठवण? आणि ते पिंपल्सवर काहून चालतं तर ते तेलात विरघळतं म्हणून, छिद्रात जे तेल साचलेलं असतं त्यात ते उतरतं. ग्लायकॉलिक अॅसिड पाण्यात विरघळणारं, ते वरवर काम करतं. हे मला व्हायवाला विचारलं तर मी एक्स्टर्नलला बसवून शिकवीन. पण व्हायवाला हे विचारत नाहीत.

बेन्झॉइल पेरॉक्साइडची तर वेगळीच मजा झाली. आमच्याकडे निळ्या उशीच्या खोळीवर एका बाजूला नारिंगी-पांढुरके डाग पडले, गोल नाही, गालाच्या आकाराचे म्हणावे तसे, एक मोठा आणि त्याच्या खाली हनुवटीएवढा छोटा. आईने आधी वॉशिंग पावडर बदलली. मग धुणं-भांडीवाल्या मावशींना विचारलं, ब्लीचिंग टाकता का हो कपड्यात, त्या बिचाऱ्या नाही म्हणाल्या. मग नवीन खोळ आणली, मरून रंगाची, पंधरवड्यात तिच्यावरही तेच, त्याच उंचीवर. आता मी पिंपल्सवर जे जेल लावते त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे, पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिडायझर, तो पिंपल्सचे बॅक्टेरिया मारतो तसाच कापडाचा रंगही खातो, हे ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच. अकरावीत प्रोपीनमध्ये एचबीआर टाकताना जो पेरॉक्साइड उलटा प्रॉडक्ट देतो, खराश इफेक्ट, तो हाच बेन्झॉइल पेरॉक्साइड. मी आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं, खराश इफेक्टसकट. आई म्हणाली आता पांढऱ्या खोळीवरच झोपायचं. विषय संपला.

बाटलीच्या मागची यादी वाचायची सवय लागली की मग पुढचं चित्र बघून फसणं बंद होतं. साधा नियम आहे, जे जास्त ते आधी, उतरत्या क्रमाने, आणि १ टक्क्याच्या खालचे सगळे कसेही लिहिले तरी चालतात. त्यात फिनॉक्सीइथेनॉल नावाचं एक प्रिझर्वेटिव्ह बहुतेक क्रीममध्ये असतं, ते १ टक्क्यापर्यंतच वापरायची मुभा असते. म्हणजे यादीत ते सापडलं की त्याच्यानंतर जे काही येतं ते पानात डाव्या बाजूला वाढलेल्या मिठाएवढंच समजायचं. आता बर्डीच्या बाजारात कुठल्याही दुकानात जा, केसराची काडी छापलेला डबा उचला आणि केसर कुठे लिहिलंय ते शोधा. मी तर आता दुकानात उभी राहून हेच करते आणि काउंटरवरची ताई माझ्याकडे बघून राहते की ही घेणार आहे का वाचनालयात आली आहे.

आजीचं मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. तिच्याकडे दोनच गोष्टी, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एकत्र केलेली एक जुनी काचेची बाटली, आणि विको टर्मरिक. विकोबद्दल ती बोलायला लागली की थांबत नाही, कारण ते पेंढरकर मुंबईत जाऊन १९५२ साली कंपनी काढायच्या आधी इथे नागपुरातच किराणा दुकान चालवायचे असं ती सांगते, आणि कंपनीचा एक कारखानाही इथे आहे, त्यामुळे ती क्रीम तिच्या दृष्टीने माहेरची आहे. ते औषध आहे की कॉस्मेटिक यावरून एक्साइजवाल्यांशी वर्षानुवर्षं केस चालली आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन शेवटी आयुर्वेदिक औषध ठरलं, टॅक्सचा मामला होता सगळा. हे मी आजीला सांगितलं तर म्हणे यात कोर्टाला काय विचारायचं, मला विचारायचं. आणि खरं सांगायचं तर तिची ग्लिसरीनची बाटली आणि माझी सहाशे रुपयांची हायल्युरॉनिक अॅसिडची बाटली दोघींचं काम एकच आहे, पाणी धरून ठेवणं. ग्लिसरीन थोडं चिकट लागतं एवढंच. डिसेंबरात जेव्हा पहाटे पारा दहाच्या खाली येतो आणि सगळ्यांच्या पायाला भेगा नि ओठाला पापुद्रे, तेव्हा घरात ज्या एका बाटलीसाठी भांडण होतं ती माझी नसते.

पण संत्र्याच्या सालीबद्दल आजीशी माझं अजिबात पटत नाही. नागपुरात आंबिया बहाराची संत्री आली की प्रत्येक घराच्या गच्चीवर पेपर अंथरून साली वाळत घातलेल्या असतात, २०१४ साली जीआय टॅग मिळाला तेव्हापासून तर आपल्या संत्र्याचा अभिमान अजून वाढलाय, ठीक आहे, अभिमान मलाही आहे. पण म्हणून ती साल वाळवून मिक्सरमधून काढून दुधात कालवून तोंडाला घासायची आणि म्हणायचं व्हिटॅमिन सी आहे त्यात? व्हिटॅमिन सी उन्हात, हवेत, उष्णतेत टिकतच नाही. बारावीला आयोडीनचं टायट्रेशन केलं होतं ना आपण, ताज्या रसाचं आणि ठेवलेल्या रसाचं रीडिंग वेगळं येतं. गच्चीवर आठ दिवस तापलेल्या सालीत काय उरणार. उरतं ते सुगंधी तेल, जे चरचरतं, आणि ते कण, जे किती बारीक केले तरी बोटाला टोचतात. बॉडीला लावा, दिवाळीच्या उटण्यात टाका, वास छान येतो. तोंडाला नको.

बरं, बाटलीतलं व्हिटॅमिन सी तरी टिकतं का, तर तेही नाही. एल-अॅस्कॉर्बिक अॅसिडचं सिरम नवीन असतं तेव्हा जवळपास पाण्यासारखं, मग हळूहळू पिवळट, मग एक दिवस ड्रॉपर उचलला की आत चक्क कोऱ्या चहाचा रंग. ऑक्सिडाइज झालं, कामाचं राहिलं नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये ड्रेसिंग टेबलावर ठेवलं तर ते किती दिवस टिकणार सांगा, जिथे नळाला दुपारी गरम पाणी येतं आपोआप. म्हणून ते फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, पन्ह्याच्या बाटलीशेजारी. आईला यावर कायमचा आक्षेप आहे, की फ्रिजमध्ये विरजण ठेवायला जागा नाही आणि हिची औषधं. औषधं नाहीत गं आई. मग काहून ठेवली फ्रिजमध्ये?

आता उन्हाचंच घ्या. इंटरनेटवरचं अर्धं स्किनकेअर हे थंड देशातल्या लोकांनी लिहिलंय असं मला दाट वाटतं. ते कोरियन टेन स्टेप रुटीन, ऑइल क्लेन्झर, फोम क्लेन्झर, टोनर, इसेन्स, अॅम्प्युल, शीट मास्क, आय क्रीम, हे सगळं मी उत्साहाने सुरू केलं होतं हिवाळ्यात, आणि मार्च संपेपर्यंत ते चेहऱ्यावरून घरंगळून मानेवर आलं. आमच्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री होतं. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी तर एका ऑटोमॅटिक वेदर स्टेशनवर ५६ डिग्री दिसलं, देशभर बातमी झाली, मग सांगितलं की सेन्सर बिघडला होता. बाकी देशाला हसू आलं असेल, पण आमच्या गल्लीत त्या दिवशी ५६ ऐकून एकाही माणसाने असं म्हटलं नाही की शक्यच नाही. सगळे म्हणाले असेल बाप्पा, वाटतच होतं तसं.

त्यामुळे सनस्क्रीन ही एकच गोष्ट आहे जिच्यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे, बाकी सगळं नाही लावलं तरी चालतं. एसपीएफ हा आकडा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या ज्या अतिनील किरणांनी कातडी भाजते त्यांचा, आणि ३० असेल तर साधारण ९७ टक्के अडतं आणि ५० असेल तर ९८, म्हणजे ३० आणि ५० मध्ये लोक समजतात तेवढा फरक नाही. ते पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात ते यूव्हीएचं, जपानमधून आलेली पद्धत, चार अधिक म्हणजे सगळ्यात वरचं. यूव्हीएच तो जो काचेतून आत येतो, म्हणजे मेट्रोत खिडकीशी बसून बर्डीपर्यंत गेलं तरी तो लागतोच, एसी चालू असला म्हणून ऊन नाही असं नसतं. आणि मुख्य गोष्ट मात्रा. लॅबमध्ये तो आकडा काढताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढं थापतात, म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पूर्ण लांब रेघ येईल एवढं. आपण लावतो वाटाण्याएवढं. मग ५० लिहिलेलं असून ५० मिळत नाही, बरंच खाली येतं. मग म्हणायचं सनस्क्रीनचा काही उपयोग नाही, मी तर लावून राहिली तरी काळी झाली.

आणि पुन्हा दर दोन तासांनी लावा असं सांगतात. कुठे लावू, सांगा ना. कॉलेजच्या वॉशरूममध्ये आरशासमोर आधीच रांग, पाणी असेल तर असेल, घामावर लावलं की त्याच्या रबराच्या खोडल्यासारख्या गोळ्या सुटतात, आणि नंतर स्कार्फ बांधला की निम्मं स्कार्फला. माझ्या नेव्ही ब्लू स्कार्फवर नाकाच्या जागी एक कायमचा पांढरा पट्टा आहे. नागपुरात पोरींना एकमेकींचा चेहरा उन्हाळ्यात दिसतच नाही, आम्ही स्कार्फचं डिझाइन आणि गाडीचा नंबर बघून हात करतो. तरी एक सांगते, ते पांढरे पातळ सुती सनकोट असतात ना, ते घातले की बरं वाटतं कारण पांढरा रंग तापत नाही, पण यूव्ही त्यातून बऱ्यापैकी आत येतो. गडद आणि घट्ट विणीचं कापड जास्त अडवतं. नवतपा लागला की, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की पुढचे नऊ दिवस, जाड डेनिम घालून सिग्नलवर कोण उभं राहील ते मात्र मला विचारू नका. व्हरायटी चौकात सिग्नल लागला की सगळ्या गाड्या रेघ सोडून मागे जिथे झाडाची सावली असेल तिथे थांबतात, हे आपलं शहाणपण कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही.

आता मामेबहिणीचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात तीच ट्यूब असणार. ती गावाकडे असते, लग्न ठरलं, आणि कोणीतरी सांगितलं मेडिकलमधून अमुक ट्यूब आण, आठ दिवसांत फरक. फरक पडला. आठच दिवसांत असा काही उजळ दिसायला लागला चेहरा की मामी सगळ्यांना नाव सांगत सुटली. लग्नाच्या फोटोत ती खरंच चमकते. मग ट्यूब संपली, दोन-चार दिवस लावली नाही, तर चेहरा लालबुंद, उन्हात गेलं की आग, बारीक पुटकुळ्या, आणि पुन्हा लावली की शांत. म्हणून पुन्हा लावली. मग वर्षभर हेच. शेवटी नागपूरला आणली, डॉक्टरने ट्यूब बघितली आणि म्हणाले यात स्टिरॉइड आहे. ही तिघांची भेळ असते, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड, वांगाच्या डागांवर डॉक्टर थोडे दिवस देतात, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण लोक तिला रोजची गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, आतल्या रक्तवाहिन्या वरून दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि सोडली की दुप्पट उसळतं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी कोण मागतं पण? मामी अजूनही म्हणते ट्यूब चांगली होती, हिलाच सूट नाही झाली.

मला यात राग ट्यूबचा नाही येत एवढा. राग येतो तो त्या आठ दिवसांचा. १९७५ पासून फेअर हे नाव घेऊन विकली जाणारी क्रीम २०२० मध्ये ग्लो झाली, जाहिरातीतली भाषा बदलली, पण लग्नाच्या बायोडेटात रंग गोरा अजून तसाच लिहितात, आणि त्या लग्नाच्या तारखेआधी जे काय व्हायचं ते व्हायला पाहिजे ही घाई पण तशीच. कातडीला घाई नसते. वरचा थर खालून तयार होऊन वर यायला साधारण चार आठवडे लागतात, तरुणपणी सुद्धा, त्यामुळे पिंपल्सची कुठलीही गोष्ट खरी चालते की नाही हे कळायला दीड-दोन महिने द्यावेच लागतात. आठ दिवसांत जे चमकतं त्याच्याबद्दल शंका घ्यायची.

आणि इथे मला स्वतःची गंमत वाटते, म्हणजे सगळ्यांचीच, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या अशाच. चार महिन्यांचा सिलॅबस आम्ही शेवटच्या दहा दिवसांवर ढकलतो, त्यात आम्हाला वेळच वेळ आहे असं वाटतं, पण नियासिनामाइडला मात्र चार आठवडे द्यायची तयारी नाही. आठवडाभरात काही दिसलं नाही की दुसरी बाटली. कार्टमध्ये कायम काहीतरी पडलेलं, सेलची वाट बघत. म्हणजे आळशी म्हणावं तर एका सिरमचे वीस रिव्ह्यू रात्री दोनपर्यंत बघायची ताकद आहे, मन लावून, नोट्स काढून. चालढकलीवर अभ्यास करणारे पिचिल आणि सिरॉइस म्हणून दोघं आहेत, त्यांनी २०१३ साली मांडलं की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाहीच, मूड सावरायचा प्रश्न आहे. एखादं काम समोर आलं की जे वाईट वाटतं, भीती म्हणा कंटाळा म्हणा, त्यापासून आत्ताच्या आत्ता सुटका करून घ्यायची, पुढचं पुढे. हे वाचलं आणि मी म्हटलं अरे मग तर स्पष्टच आहे. रेकॉर्ड उघडला की पोटात गोळा येतो, गार जेल गालावर लावलं की गार वाटतं. मे महिन्यात नागपुरात दुसरं काय गार वाटतं?

ते पोमोडोरो पण करून बघितलं मी, पंचवीस मिनिटं अभ्यास पाच मिनिटं ब्रेक, त्या इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून नाव ठेवलं तेच. अडचण अशी की शीट मास्क वीस मिनिटांचा असतो. तो पाचच्या ब्रेकमध्ये बसत नाही. मग मास्क लावूनच वाचायला बसायचं असं ठरवलं तर मान वर ठेवावी लागते, नाहीतर तो घसरतो, आणि कूलरची हवा समोरून आली की दहा मिनिटांत कडक वाळतो. कूलरच्या दिशेला पाठ केली तर गरम होतं. हा प्रश्न मी अजून सोडवून राहिली आहे.

लिहिण्याचं पण तसंच आहे म्हणा. हे एवढं सगळं मी लिहून राहिली कारण तिकडे सात एक्सपेरिमेंट्सचे ऑब्झर्वेशन टेबल कोरे आहेत. ज्या दिवशी रेकॉर्डवर सही होईल त्या दिवशी माझं लिहिणं पण बंद पडेल बहुतेक, पुढच्या सेमिस्टरपर्यंत. पुढचं सेमिस्टर नाहीये ना पण, हे शेवटचं, मग एमएस्सीला अॅडमिशन घ्यावीच लागेल असं दिसतंय, लिहिण्यासाठी तरी.

सगळ्या मैत्रिणी विचारतात की मग शेवटी काय लावायचं ते एका वाक्यात सांग, तर साधा फेसवॉश, जो धुतल्यावर कातडी ताणली जात नाही असा, एक मॉइश्चरायझर, तेलकट असेल तर जेलवालं, आणि सकाळी सनस्क्रीन दोन बोटं. पिंपल्स असतील तर डॉक्टर. मेडिकलवाला दादा नाही, डॉक्टर. हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. एवढंच? मग ते तू रोज पाऊण तास काय करून राहते?

सनस्क्रीनचं गणित पण सांगून टाकते, कारण ते कोणी धरत नाही. दोन बोटं म्हणजे जवळपास एक ग्रॅमच्या वर. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा नीट लावली तर फार तर दीड महिना जाते. ज्यांची ट्यूब वर्षभर पुरते त्यांनी काय लावलं असेल ते त्यांनीच बघावं. माझी पुरायची चार महिने, म्हणजे मी पण धड लावत नव्हतेच, पण मागच्या महिन्यात ती अचानक पंचवीस दिवसांतच संपली. मला वाटलं गळली कुठेतरी. मग एका सकाळी दिसलं की बाबा अंबाझरी तलावावर फिरायला जायच्या आधी बेसिनशी उभे आहेत, दाढीचं क्रीम घ्यायची सवय असलेल्या हाताने तळव्यावर भलामोठा गोळा घेतलाय, आणि दोन्ही गाल, कपाळ, मान, टक्कल, कान, कानाच्या मागे, सगळीकडे एकदम व्यवस्थित फासून राहिले आहेत. आमच्या घरात लॅबच्या मापाने सनस्क्रीन लावणारा हा एकमेव माणूस. मी म्हटलं बाबा, चारशे ऐंशीची आहे ती. ते म्हणाले मग मोठी आणत जा ना, ही फार लवकर संपते.